टेस्टर लागतो, बल्ब लागत नाही

पितृपक्षात नवी वस्तू घेऊ नये, असं मावशी दरवर्षी सांगते. मी दरवर्षी ऐकतो, कारण दरवर्षी माझ्याकडे नवी वस्तू घ्यायला पैसे नसतात. यंदा होते.

गरजही होती. मी घरी बसून डीटीपी करतो, म्हणजे अंकांची आणि पुस्तकांची पानं संगणकावर लावतो, आणि आमच्या धंद्यात भाद्रपद ही लग्नसराई. सगळे दिवाळी अंक एकदम बोहल्यावर चढतात. जुनं मशीन अकरा वर्षांचं. दोनशे पानांची फाइल उघडायला टाकून मी अंघोळीला जायचो आणि बाहेर यावं तर ते अजून मुखपृष्ठावरच घुटमळत असायचं. "मामा, तयार कशाला घेतोस? पार्ट आण आणि स्वतः असेंबल कर. लेगोसारखं असतं," भाचा म्हणाला. भाचा बंगळुरूला असतो. असले सल्ले देणारे लोक नेहमी दुसऱ्या गावात असतात. त्याच्याच सल्ल्याने जुनं मशीन मी खालच्या मजल्यावरच्या मुलीला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी देऊनही टाकलं. मोठेपणाने दिलेली वस्तू आठ दिवसांत परत मागायला फार जाड कातडी लागते, एवढं इथेच सांगून ठेवतो.

पितृपक्षामुळे तपकीर गल्लीत गर्दी नव्हती आणि दुकानदार गोड बोलत होते. मदरबोर्ड, प्रोसेसर, फाइली साठवायची एसएसडी, वीज पुरवणारा एसएमपीएस, कॅबिनेट आणि सोळा-सोळा जीबीच्या दोन रॅम. रॅम म्हणजे मशीन चालू काम तात्पुरतं जिच्यावर मांडतं ती पाटी. साधी रॅमही होती. पण काउंटरवरच्या पोराने मला एकदा पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि दिव्यांची काढली. सात रंगांत उजळणारी. "सर, परफॉर्मन्स," तो म्हणाला. दिव्यांचा आणि परफॉर्मन्सचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला मनातून रंगीत दिवेच हवे असतात, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

शनिवारी दुपारी जेवणाचं टेबल रिकामं करून मांडामांड केली. प्रोसेसरवर लावायची पेस्ट 'वाटाण्याएवढी' घ्या, असं व्हिडिओतला मुलगा सांगत होता. ओला वाटाणा की सुका, ते सांगत नव्हता. "सुका," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "ओला असता तर सोलून घ्या म्हणाला असता." कॅबिनेटच्या बटणाच्या वायरी जिथे खोचायच्या त्या पिना मुंगीच्या मिशांएवढ्या, आणि त्यांची नावं त्याहून बारीक. त्या खोचताना नानांनी डोक्यावर बॅटरी धरली. नाना म्हणजे माझे वडील. वीज मंडळात लाइनमन होते. २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या, त्याच वर्षी निवृत्त झाले. अजून मंडळच म्हणतात, आणि अजून सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर ठेवतात.

बटण दाबलं. पंखे फिरले. दोन्ही रॅम सात रंगांत उजळल्या. पडदा मात्र काळाच. पाच मिनिटं वाट बघून बंद केलं, पुन्हा चालू केलं. असं तीनदा. मग भाच्याने फोनवर सांगितलं की डीडीआर५ रॅम पहिल्यांदा लावली की मदरबोर्ड आधी तिचा अभ्यास करतो आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. म्हणजे पोर अभ्यासाला बसलं होतं आणि मी दर पाच मिनिटांनी त्याला उठवत होतो. चौथ्या वेळी हात मागे बांधून उभा राहिलो, आणि चित्र आलं.

"बघा नाना, दिवे लागले म्हणजे माल चोख."

"टेस्टर लागतो, बल्ब लागत नाही, असंही असतं कधी कधी," नाना म्हणाले. मी ऐकलं नाही.

पेनड्राइव्हवरून विंडोज चढवायला घेतलं. २३ टक्क्यांवर पडदा निळा झाला. त्या पडद्यावर २०१२ पासून एक रडवं तोंड असायचं. २०२५ साली ते काढून पडदा काळा केला म्हणे, पण माझ्या पेनड्राइव्हवर जुनी आवृत्ती होती, त्यामुळे मला सुतकी चेहऱ्यासकट अस्सल निळा लाभला. पुन्हा सुरू केलं, ६७ वर मेलं. पुन्हा, ११. मग एकदा ८१ पर्यंत गेलं. मी बायकोला हाक मारली, ती हात पुसत आली, आणि तिच्यादेखत एक चौकट उघडली: फाइल खराब आहे किंवा सापडत नाही. बायको काही न बोलता परत गेली. दर वेळचा आकडा मी कॅलेंडरच्या पाठीमागे लिहीत होतो. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं. आकडे लिहिले की आपण काहीतरी शास्त्रीय करतोय असं वाटतं.

फाइल खराब म्हणजे पेनड्राइव्ह खराब. रविवार त्यात गेला. बायकोच्या ऑफिसच्या लॅपटॉपवरून पेनड्राइव्ह तीनदा नव्याने बनवला. एकदा हातानेच फाइली टाकायला गेलो, तर फॅट३२ असलेला पेनड्राइव्ह चार जीबीवरची एक फाइल पोटात घेत नाही हे ज्ञान झालं, आणि सगळ्यात मोठी फाइल नेमकी त्याहून मोठी. मग शेजाऱ्यांचा पेनड्राइव्ह आणला. त्यात त्यांच्या मुंजीचे फोटो होते. ते आधी उतरवून घेतले, हे सांगितलेलं बरं. निकाल: ३४ टक्के.

सोमवारी निळ्या पडद्याने कारण दिलं. 'मेमरी मॅनेजमेंट.' मला हर्ष झाला, कारण मेमरी म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. 'फोनची मेमरी फुल झाली' मधली मेमरी. म्हणजे जिथे फोटो बसतात ती. म्हणजे एसएसडी! ती काढून दुसऱ्या खाचेत लावली. मग बायकोच्या भावाकडची जुनी आणून लावली. आपल्याकडे साठवणीच्या जागेलाच मेमरी म्हणतात आणि यंत्र मात्र रॅमला मेमरी म्हणतं, एवढ्या एका शब्दापायी माझा सोमवार गेला. आख्खं आयुष्य शब्द जुळवण्यात घालवलेल्या माणसाचा! पुढच्या खेपेला पडदा म्हणाला, 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल.' कमीही नाही, समानही नाही. हे मला संपादकांच्या मानधनाबद्दल वाटलं.

संपादक रोज फोन करत होते. "निदान राशिभविष्याची पानं तरी पाठवा." माझ्या राशीला काय आहे, ते मी त्यांना विचारलं. हसले नाहीत.

मावशीने पितृपक्षाचा मुद्दा मंगळवारी पुन्हा काढला. त्यावर उत्तर म्हणून मी विंडोजऐवजी उबुंटू ही दुसरी प्रणाली चढवून पाहिली. तीही अर्ध्यात कोलमडली. दोन वेगवेगळ्या घरांतल्या, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या प्रणाल्या एकाच जागी मान टाकतात, म्हणजे दोष त्यांचा नाही. इतका सरळ पुरावा समोर होता. मी मात्र मावशीला म्हणालो, "बायोस जुनं असणार."

बायोस म्हणजे मशीनला जागं करणारा, मदरबोर्डमध्येच बसवलेला प्रोग्रॅम. तो अपडेट होताना वीज गेली तर मदरबोर्डचा दगड होऊ शकतो. गुरुवार हा पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार, म्हणून बुधवारी रात्री अकराचा मुहूर्त धरला. नाना मीटरपाशी खुर्ची टाकून बसले, कुणी मेन स्विचला हात लावू नये म्हणून. घरात आम्ही चौघंच आणि मावशी झोपलेली, पण ते बसले. अपडेट नीट झालं. विंडोज ५२ टक्क्यांवर मेलं.

गुरुवारी सकाळी ठरल्याप्रमाणे वीज गेली, आणि करण्यासारखं काहीच न उरल्यामुळे पाच दिवसांत पहिल्यांदा मी नानांचं बोलणं ऐकलं. ते कॅलेंडरची मागची बाजू वाचत होते. "२३, ६७, ११, ८१, ३४, ५२. एक जागा नाही."

"नाही ना!"

"मग बरंय. खांबच वाकला असेल तर लाइन रोज तिथेच जाते. वारा येईल तशी कुठेही जायला लागली की कुठेतरी सांधा सैल असतो. आम्ही काय करायचो, अर्धी लाइन तोडायची. ज्या अर्ध्यात फ्यूज उडेल तो अर्धा धरायचा. तुझ्या डब्यात जोडीने काय आहे?"

डब्यात जोडीने फक्त रॅम होत्या.

"आणि ते टेस्टरचं काय म्हणत होतात?"

"फेज आलेली असते, न्यूट्रल तुटलेली असते. टेस्टरला वीज नावाला लागते, म्हणून तो लागतो. बल्बला खरी लागते." त्यांनी खिशातला टेस्टर काढून पुन्हा खिशात ठेवला. "दिवा लागला म्हणजे लोड घेईलच असं नाही."

वीज आल्यावर मेमटेस्ट८६ नावाचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेतला. मूळचा १९९४ सालचा. त्याला विंडोज-बिंडोज काही लागत नाही. थेट पेनड्राइव्हवरून उठतो, रॅमच्या घराघरात काहीतरी लिहितो आणि मागे फिरून तेच वाचायला मिळतं का ते बघतो. म्हणजे प्रूफ वाचतो. बायकोच्या नेलपॉलिशने एका रॅमवर एक ठिपका दिला, दुसरीवर दोन. दोन ठिपक्यांची एकटीच लावली. चार मिनिटांत पडद्यावर लाल ओळी धावायला लागल्या. मी नाक लावून वाचलं: इथे हे लिहिलं होतं, हे मिळालं. सगळे आकडे जसेच्या तसे, मध्ये एक तेवढा बदललेला. पानभर निर्दोष मजकुरात एक वेलांटी पहिलीची दुसरी व्हावी, तेवढाच फरक. विंडोजची फाइल पेनड्राइव्हवर धडधाकट होती. रॅममध्ये उलगडताना तिची वेलांटी बदलत होती, आणि पडताळणीला बसलेला खडूस मुद्रितशोधक एका वेलांटीसाठी आख्खा फर्मा फेकून देत होता. अशा मुद्रितशोधकांशी माझं वीस वर्षांचं भांडण आहे. या वेळी तो बरोबर होता.

एक ठिपकावाली रात्रभर चालवली. चार फेऱ्या, चूक शून्य. शुक्रवारी सकाळी तिच्या एकटीच्या जिवावर विंडोज चढलं. बायकोला मी ९८ ला हाक मारली. ती १०० झाल्यावर आली.

दुकानात फोन केला. रॅम जोडीने विकलेली, म्हणून जोडीनेच आणा म्हणाले. त्यामुळे शनिवारी सकाळी, विंडोज चढलेलं पण रॅमविना आंधळं झालेलं मशीन टेबलावर सोडून मी निघालो. नाना सदरा घालून दारात उभेच होते.

काउंटरवर तोच पोरगा. दोन ठिपक्यांची रॅम त्याने स्वतःच्या मशीनला लावली, बटण दाबलं. लाल, हिरवी, निळी, जांभळी. छान दिसत होती, नाही म्हणत नाही.

"चालतीये की सर," तो म्हणाला. "बघा ना, सगळे दिवे लागलेत."

नानांनी खिशातला टेस्टर काढून काउंटरवर ठेवला आणि कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं.

"दिवा याचाही लागतो, बाळा," ते बसत म्हणाले. "तू लोड टाक. आम्हाला घाई नाही."