भाजणीची वणवण

थालीपिठाची भाजणी करायचं मनात आलं की नवी मुंबईत आधी नकाशा काढावा लागतो. प्रमाण साधंच. तांदूळ, ज्वारी, बाजरी दोन-दोन वाट्या, गहू, हरभरा डाळ आणि अख्खे उडीद एकेक वाटी, धणे अर्धी वाटी, जिरं दोन चमचे. पण हे सगळं एकाच दुकानात मिळेल ही आशा सोडा.

सीवूड्सला केरळी मट्टा तांदूळ आहे, केळ्याचे वेफर्स आहेत, इडलीचा तांदूळही आहे. बाजरी विचारली की दुकानदार म्हणतो, "पक्ष्यांसाठी का?" खारघरच्या टॉवरखाली ओट्स, किन्वा आणि चक्क ज्वारीसुद्धा, फक्त ती फुगवून, मसाला लावून पाकिटात भरलेली. दिवाळे गावात गेलात तर सुके बोंबील दिसतात आणि भाजणीचा विषयच मागे पडतो.

दुकानदाराला बोल लावू नये. गल्ल्यावर बसल्या बसल्या त्याला अख्ख्या सोसायटीच्या पातेल्यात काय शिजतंय ते कळतं. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळे पीठ लवकर कडू होतं. पावसाळ्यात धान्याला टोके लागतात ते वेगळंच. आसपास भाकऱ्या थापणारी घरं नसतील तर तो पोतं फोडेल कशाला?

म्हणून मी म्हणेन, सरळ कोपरखैरणे किंवा घणसोली गाठा. तिथे माथाडींची वस्ती, सातारा-सांगलीकडची माणसं. बाजरी खपते, म्हणून ताजी असते. तरी मूठभर तळहातावर चोळून हुंगा, कुबट वास आला तर पुढचं दुकान. वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, भाव बरा पडेल, पण पोत्यांच्या त्या राज्यात "अर्धा किलो द्या" म्हणायला छाती लागते.

खरी कसोटी गिरणीत. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजा, नाहीतर जिरं करपतं आणि डाळ कच्ची राहते. पूर्ण गार झाल्यावरच डबा न्या. गरम धान्य दळलं तर वाफ धरून गुठळ्या होतात. मिरची-मसाल्याची चक्की वेगळी आहे ना, ते आधी बघा. दळण गव्हामागे लावायला सांगा आणि जरा रवाळ ठेवायला. थोडी भाजणी चक्कीत राहतेच, ती पुढच्या माणसाच्या गव्हात जाते. उद्या त्याच्या पोळ्यांना धण्याचा वास का येणार आहे, हे सांगत तिथे थांबू नका.