खुलासा: रनीमीडच्या भिंतीवर नाव असणे म्हणजे तिथे कबर नव्हे

दुसऱ्या महायुद्धात बळी गेलेल्या, ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांड या बॉम्बफेकी विभागातल्या तरुण वैमानिकांबद्दल एक मजकूर फिरतो आहे: ‘बॉम्बर कमांडचे 55,573 मृत इंग्लंडमधील रनीमीड येथे पुरले आहेत.’ हे चूक आहे. रनीमीडला एकही कबर नाही. तिथे हवाई दलांचे स्मारक आहे. 1953 मध्ये उघडलेल्या या स्मारकाच्या भिंतींवर 20 हजारांहून अधिक नावे आहेत. ब्रिटन आणि वायव्य युरोपातील तळांवरून उड्डाण करून गेलेले, पण ज्यांची कबर ज्ञात नाही, असे हे सैनिक. त्यांत किनारी आणि लढाऊ विमानदलांचेही आहेत.

कबर ज्ञात असेल, तर सैनिक बहुधा विमान पडले त्या देशातल्या दफनभूमीत असतो. त्याचे नाव रनीमीडला शोधणे व्यर्थ. आधी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या (युद्धातल्या मृतांच्या कबरी व स्मारकांची नोंद ठेवणारी संस्था, CWGC) नोंदीत सैनिकाचा सेवाक्रमांक टाका. नुसत्या आडनावावर विसंबू नका, एकाच नावाचे अनेक सापडतात. नोंदीत पॅनेल (भिंतीवरील नावांचा फलक) क्रमांक दिसला तर नाव स्मारकाच्या भिंतीवर, कबर क्रमांक दिसला तर सैनिक दफनभूमीत. भिंतीवर नावे आधी मृत्यूच्या वर्षाने, मग दल आणि हुद्द्यानुसार लावली आहेत. वर्ष चुकले की नाव समोर असूनही सापडत नाही.

इंग्लंडमधील लिंकन शहरातल्या बॉम्बर कमांड स्मारकावर मात्र कबर असो वा नसो, बॉम्बर कमांडच्या सगळ्याच मृतांची नावे आहेत.