मारियो कार्ट वर्ल्ड : सरळ रस्त्यावरच रेस जिंकली जाते

"रस्ते सरळ आहेत, वळणं कमी, ट्रॅकच्या मधला प्रवास कंटाळवाणा." मारियो कार्ट वर्ल्ड हा निन्टेन्डोचा गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम ५ जून २०२५ ला त्यांच्या स्विच २ कन्सोलसोबत आला, तेव्हापासून ही तक्रार चालू आहे. माझ्या मते ती अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी आपल्या बोटांच्या सवयीतून येते. याच मालिकेतला आधीचा मारियो कार्ट ८ आला २०१४ मध्ये, त्याचा डिलक्स अवतार २०१७ मध्ये. इतकी वर्षं आपण एकच शिकलो : वळण आलं की ड्रिफ्ट, म्हणजे गाडी घसरवत वळवायची, चाकांखाली ठिणग्या निळ्या, मग केशरी, मग जांभळ्या, सोडा, वेगाचा झटका (बूस्ट) घ्या, पुढचं वळण. सरळ रस्ता म्हणजे विश्रांती. वर्ल्डमध्ये सरळ रस्त्यावर विश्रांती घेतली की मधल्या गर्दीत अडकलातच.

सगळा खेळ एका नव्या हालचालीवर उभा आहे, चार्ज जंपवर. कंट्रोलरवरचं ए बटण दाबून गाडी पळवत ठेवा, गाडी वळवायची स्टिक मधे सोडा आणि आर बटण दाबून धरा. चाकांखाली ठिणग्या जमतात. आर सोडला की गाडी उडी मारते. या उडीनं तीन गोष्टी होतात. रस्त्याच्या कडेच्या रेलिंगवर चढता येतं. भिंतीच्या अगदी जवळून तिच्याकडे थोडा कल देऊन उडालात तर चाकं भिंतीला लागतात आणि गाडी भिंतीवरून धावते. आणि नेम बरोबर असेल तर मागून येणारं लाल शेलही (पाठलाग करून आदळणारं कासवाचं कवच) उडीखालून निघून जातं. ही तिसरी गोष्ट मात्र भरवशाची धरू नका.

बहुतेकांचं इथे काय चुकतं? जुन्या सवयीनं आर आधी दाबतात आणि स्टिक नंतर वळवतात. आठमध्ये ते खपून जायचं. इथे स्टिक सरळ असताना आर दाबला की गेम समजतो की तुम्हाला उडी चार्ज करायची आहे. मग गाडी वळत नाही आणि वळणाबाहेर घरंगळते. ड्रिफ्ट हवा असेल तर स्टिक आधी वळवा, आर मागून. उडी हवी असेल तर स्टिक पूर्ण मधे येऊ द्या, मगच आर. हा एक बदल हाताला बसला की निम्म्या चुका बंद होतात. स्टिक झिजलेली असेल आणि मधोमध ठेवूनही किंचित एका बाजूला ओढत असेल, तर कन्सोलच्या सेटिंगमध्ये स्टिक कॅलिब्रेट करून घ्या. चार्ज जंपला सरळ स्टिक लागते, त्यामुळे हा दोष ड्रिफ्टपेक्षा इथे जास्त नडतो.

आता रेलिंगचं पाहा. चार्ज करत रेलिंगकडे तिरकं या, उडी घ्या, गाडी रेलिंगवर बसते. बसल्या बसल्या आर दाबलात तर ट्रिक (छोटी कसरत) होते आणि उतरताना बूस्ट मिळतो. स्टिक डावीकडे किंवा उजवीकडे धरून आर दाबलात तर त्या बाजूला उडी पडते. तिकडे दुसरं रेलिंग किंवा तार असेल तर थेट तिच्यावर. मशरूम कपमधला (कप म्हणजे चार रेसची मालिका) तिसरा ट्रॅक, व्हिसलस्टॉप समिट, यासाठी उत्तम शाळा आहे. सगळीकडे रूळ, तारा आणि कठडे. तिथे पहिल्या फेरीत नंबर विसरून फक्त पाहा की कोणता कठडा कुठे संपतो आणि त्याच्यापुढे काय आहे. उडी घेणाऱ्याचं खरं नुकसान चढताना होत नाही, उतरताना होतं. कठडा वळणाच्या बाहेरच्या बाजूला नेऊन सोडत असेल तर मिळालेला बूस्ट गवतात जातो. बूस्ट कुठे संपणार ते आधी ठरवा, मग चढा.

सराव ग्रां प्रीमध्ये, म्हणजे कप जिंकण्याच्या स्पर्धेत, करू नका. मुख्य मेनूमध्ये प्लस दाबून फ्री रोममध्ये, म्हणजे रेसशिवाय मोकळं भटकायच्या मोडमध्ये, जा. तिथे जवळजवळ ४०० निळे पी स्विच (पी लिहिलेली जमिनीवरची बटणं) पसरलेले आहेत. प्रत्येकावर गाडी नेली की एक छोटं आव्हान सुरू होतं : इतक्या सेकंदांत इतकी निळी कॉइन गोळा करा, किंवा वेळेत पोहोचा. बरीचशी रेलिंग, भिंत आणि तारांवरून जातात. म्हणजे हे खरं तर शिकवणीचे धडेच आहेत, फक्त गेम तसं सांगत नाही. चुकलात तर दिशाबटणांतलं खालचं बटण दाबून धरा, गाडी मागे जाते. एकच उडी सलग दहा वेळा करून पाहा. एकट्याच्या रेसमध्येही हे मागे जाणं, म्हणजे रिवाइंड, चालतं, पण तिथे बाकीच्या गाड्या तुमच्यासाठी थांबत नाहीत. तुम्ही मागे जाता आणि ते पुढे निघून जातात.

दुसरा मोठा बदल आकड्याचा. आठमध्ये १२ गाड्या होत्या, इथे २४. दुप्पट गाड्या म्हणजे दुप्पट शेल. पाचव्या ते पंधराव्या नंबरात अक्षरशः गोळीबार चालतो. कॉइनची मर्यादाही १० वरून २० झाली आहे. प्रत्येक कॉइननं कमाल वेग थोडा वाढतो, आणि मार बसला की काही सांडतात. म्हणून सुरुवातीच्या गर्दीत कॉइन सोडून शॉर्टकटच्या मागे धावू नका. केळं किंवा शेल हाती असेल तर एल बटण दाबून गाडीमागे धरा, मागून येणारं शेल त्यावर फुटतं. सुरुवातीच्या काउंटडाऊनमध्ये २ दिसल्यावर लगेच ए दाबून धरा. ३ पासूनच दाबून बसलात तर इंजिन गुदमरतं, आणि २४ गाड्यांत ती चूक फार महाग पडते.

नॉकआउट टूर हा या गेमचा प्राण आहे, आणि वर्ल्ड विकत घ्यायचं माझ्या लेखी तेवढं एक कारण पुरेसं आहे. २४ जण निघतात. पहिल्या चेकपॉइंटला २० उरतात, मग १६, १२, ८, ४, आणि शेवटचा टप्पा चौघांत. मधे थांबा नाही, फेऱ्या नाहीत, एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत सलग रस्ता. इथे पहिलं यायची घाई करणारा बाहेर पडतो. सुरुवातीच्या टप्प्यांत काम एकच, बाद होणाऱ्या नंबरांच्या वर राहणं. वेगाचा झटका देणारं मशरूम मिळालं की लगेच उडवू नका. चेकपॉइंटची कमान समोर दिसते, तुम्ही नववे आहात, आठवा दोन गाड्यांच्या अंतरावर आहे, त्या क्षणी दाबा. कमानीखालून कोणत्या नंबरानं गेलात एवढंच मोजलं जातं. आणि इथेच ते "कंटाळवाणे" सरळ रस्ते जिवंत होतात. कडेची रेलिंग, पाण्यावरच्या लाटा, समोरून येणारे ट्रक. लाटेच्या माथ्यावर आर दाबलात तर तिथेही ट्रिक आणि बूस्ट मिळतो.

आता तक्रारीचा खरा भाग. ग्रां प्रीमध्ये कपातला पहिला ट्रॅक पूर्ण तीन फेऱ्यांचा असतो. पुढच्या रेसमध्ये बराचसा वेळ एका ट्रॅकहून दुसऱ्यापर्यंत जाण्यात जातो आणि नव्या ट्रॅकची जेमतेम एक फेरी वाट्याला येते. इतके देखणे ट्रॅक बांधून त्यांचं नुसतं ओझरतं दर्शन द्यायचं, हे मला अजिबात पटत नाही. ऑनलाइनमध्ये लोक तीन फेऱ्यांसाठी मुद्दाम रँडम (ट्रॅक गेमनंच निवडायचा) हा पर्याय निवडायचे. जून २०२५ च्या शेवटी आलेल्या अपडेटनं ती वाट जवळपास बंद केली, आणि त्यावर झालेली ओरड रास्त होती. नंतरच्या अपडेटमध्ये तीन फेऱ्यांच्या रेसचं प्रमाण वाढवलं गेलं. व्हीएस रेसमध्ये, म्हणजे आपले नियम आपण ठरवायच्या सुट्या रेसमध्ये, तीन फेऱ्या स्वतः निवडता येतात, तेव्हा ट्रॅक शिकायचा तर तिथेच शिका.

घरी चौघं मिळून खेळणार असाल तर हे लक्षात ठेवा : एक किंवा दोन खेळाडूंना सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) मिळतात, तीन-चारांत वाटलेल्या स्प्लिट स्क्रीनला ३०. फरक हाताला नक्की जाणवतो. टीव्हीवर चित्राचा उशीर कमी करणारा गेम मोड लावलेला नसेल तर तो आणखी वाढतो. आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, मग गेमला नावं ठेवा. लहान मुलांना स्मार्ट स्टिअरिंग लावून द्या, गाडी कडेवरून पडत नाही. मोठ्यांनी मात्र बंद ठेवा, कारण कडेवरून घ्यायचे काही शॉर्टकटही तेच अडवतं. ऑनलाइन खेळताना रेस तुटत असेल तर डॉकच्या (कन्सोल टीव्हीला जोडायच्या स्टँडच्या) मागच्या लॅन पोर्टला सरळ केबल लावा.

भारतात स्विच २ अधिकृतपणे विकला जात नाही, त्यामुळे आपल्याकडे तो नातेवाइकांच्या बॅगेतून नाहीतर ग्रे मार्केटमधून येतो. जपानहून कुणी आणणार असेल तर आधी फोन करून सांगा : तिथे २०२५ मध्ये ४९,९८० येनला आलेला स्वस्त कन्सोल फक्त जपानी भाषेत चालतो आणि फक्त जपानचं अकाउंट घेतो. अनेक भाषांचा हवा असेल तर तो वेगळा, २०२५ मध्ये ६९,९८० येनला आलेला. गेम मात्र डाउनलोड न करता कार्डावर घ्या. किंमत जास्त आहे, अमेरिकेत तो ८० डॉलरला आला, पण वर्ल्डच्या कार्डावर पूर्ण गेम असतो. खेळून झाल्यावर तो विकता येतो, मित्राला देता येतो. कन्सोलसोबतच्या बंडलमध्ये मिळणारी प्रत डाउनलोडची असते, ती एकदा अकाउंटला जोडली की तिथेच राहते.