खटक्यावर बोट

माझं बोट पाव सेकंद उशिरा चालतं, हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर मी स्वतःला चपळ समजत होतो. रंकाळ्यावर भेळेचा कागद वाऱ्यानं उडाला तर तो पाण्यात पडायच्या आत झेलणारा माणूस मी! पण आमच्या मालकांनी कारखान्यात हाय-स्पीड कॅमेरा आणला आणि माझी चपळाई चव्हाट्यावर आली.

आमचा कारखाना शिरोली एमआयडीसीत. बाटल्यांना झाकणं बसवणारी यंत्रं आम्ही तयार करतो. त्यातलं एक यंत्र गिऱ्हाइकाकडून परत आलं. तक्रार अशी, की चार-पाचशे बाटल्यांमागे एखादं झाकण टुणकन उडतं. कसं उडतं ते कुणाला दिसत नव्हतं. हेल्पर म्हणाला बाटली हलते, फिटर म्हणाला झाकणच वाकडं येतं आणि मालक म्हणाले तुम्ही सगळे वाकडे आहात. मग त्यांनी पुण्याहून कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा मिळवला. सेकंदाला हजार चित्रं टिपणारा. हजार चित्रं नेहमीच्या सेकंदाला पंचवीसच्या चालीनं दाखवली, की एका सेकंदाचे चाळीस सेकंद होतात. देखभाल खात्यात चष्मेवाला मी एकटाच, म्हणून तो कॅमेरा माझ्या गळ्यात पडला. पट्टा छोटा होता, त्यामुळे अगदी शब्दशः.

या जातीच्या कॅमेऱ्याची एक गंमत आहे. बटण दाबल्यावर तो चित्रं काढायला लागत नाही, आधीपासून काढतच असतो. विहिरीवरचा रहाट आठवा. पोहरे भरून वर येतात, रिकामे होतात, पुन्हा भरायला खाली जातात. आमच्या कॅमेऱ्याच्या रहाटाला चार सेकंदांचे, म्हणजे चार हजार पोहरे. तुम्ही खटका दाबला की रहाट थांबायचा, आणि त्या घटकेला पोहऱ्यांत जे पाणी असेल ते तुमचं. म्हणजे घडून गेलेली गोष्टही हाती लागते. माणसाला दिसून बोट हलेपर्यंत पाव सेकंद सहज जातो, तेवढ्यात इथं अडीचशे चित्रं पुढं गेलेली असतात. ही सोय माझ्यासारख्यांसाठीच केलेली.

पण सोय आहे हे ठाऊक असावं लागतं. पहिल्या दिवशी झाकण उडालं, सगळे “दाब, दाब!” म्हणून ओरडले, मी दाबलं. कॅमेऱ्याच्या आदल्या मालकानं सेटिंग ‘खटक्याच्या नंतरचं’ यावर ठेवलं होतं. त्यामुळे आमच्या पदरात पडलं ते असं: हेल्पर झाकण उचलायला वाकतो, वाकता वाकता पाठ खाजवतो, उठतो. दोन मिनिटं चाळीस सेकंद. प्रत्येक नख वेगळं दिसत होतं. मालकांनी शेवटपर्यंत बघितलं आणि विचारलं, “ह्यासाठी पैसे घातले काय मी?”

ते सेटिंग बदलायला मी मेनूत शिरलो. मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यात शिरल्यासारखं झालं. एका खोलीतून दुसरी, दुसरीतून माजघर, माजघरातून अंधारा जिना, आणि वर गेल्यावर कळतं की आपण शेजाऱ्यांच्या गच्चीवर आलोय. पडदा बोटानं चालवायचा. देखभालवाल्याच्या बोटाला ग्रीस असतंच. पडदा ग्रीसला दाद देईना. पुसलं की पुसण्यालाच बोट समजून भलतंच उघडायचा. एकदा तर मला सगळं जपानी लिपीत दिसू लागलं आणि खरं सांगायचं तर फार फरक पडला नाही.

सगळ्यात मोठं पाप म्हणजे ‘साठवा’ आणि ‘रेकॉर्ड’ ही दोन बटणं शेजारी शेजारी. पोहऱ्यांतलं पाणी कार्डावर ओतून घेतलं नाही तोवर ते कच्चंच. पुन्हा रेकॉर्ड दाबलं की रहाट सुरू आणि आधीचं सगळं वाहून गेलं. बुधवारी दुपारी, अडीच तास ताटकळल्यावर, झाकण उडताना अगदी स्वच्छ सापडलं. आनंदाच्या भरात मी साठवायला गेलो आणि शेजारचं बटण दाबलं. कुणी काही बोललं नाही. हेल्परनं फक्त पाठ खाजवली.

त्या दिवशी पहिली सुधारणा झाली. आमच्या कारखान्यात एकाच गोष्टीचा तुटवडा नाही, झाकणांचा. एक निळं झाकण घेतलं, त्याला बिजागरीसारखी चिकटपट्टी लावली आणि रेकॉर्डच्या बटणावर बसवलं. आता ते दाबायचं तर आधी झाकण उघडावं लागतं. तेवढ्या वेळात बुद्धी जागेवर येते.

दुसरी सुधारणा फिरकीची. चार हजार चित्रांतून नेमकं चित्र शोधायला एक बारीक गोल फिरकी दिली होती, हरभऱ्याएवढी आणि गुळगुळीत. एका टिचकीला एक चित्र. तेलकट बोटातून ती निसटायची आणि आपण दीड हजाराव्या चित्रावरून थेट अकराशेवर. ती घेऊन मी उद्यमनगरात आमच्या मिस्त्रीकडं गेलो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळत नाही अशी वस्तू नाही, आणि तिथं दुरुस्त न होणारी वस्तू अजून जन्माला यायची आहे, असा तिथल्या लोकांचा समज आहे. मिस्त्रीनं फिरकी तळहातावर घेतली.

“सायेब, ही फिरवायला माणसाची बोटं लागत्यात का मुंगीची?”

त्यानं पितळेचा तुकडा लेथच्या चकात धरला. पाच मिनिटांत पिवळा कीस खाली, वर रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा नॉब. कडेला नर्लिंग केलं, म्हणजे बारीक खाचा पाडल्या, तेलकट बोटालाही पकड मिळावी म्हणून. मधे भोक पाडून आडवा ग्रब स्क्रू बसवला. शेवटी अंगठ्यानं फिरवून बघितला, पुन्हा चकात धरला, कड एक केस मोडली. “आता वैनीस्नी बी फिरवता येईल,” म्हणाला. कॅमेऱ्याचं मूळ सामान प्लास्टिकचं आणि त्यावर हा पितळी नॉब, देवाच्या मूर्तीला ट्रकचा कर्णा लावल्यासारखा दिसतो. पण बोटाला कळतं, आपण काहीतरी धरलंय.

पैसे देताना मिस्त्री म्हणाला, “कॅमेरा कोल्हापुरानं केलाय सायेब. आमाला शिकवू नका.” मी काहीच शिकवत नव्हतो, पण त्याचं खोटं नव्हतं. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात आपला कॅमेरा स्वतः बांधला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्या काळच्या कॅमेऱ्याला ना मेनू ना माजघर. एक हँडल, बस. सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्याला आठ चित्रं, सेकंदाची सोळा. हळू दाखवायचं असेल तर हँडल जोरात फिरवायचं. घाई केली की पडद्यावर सगळं संथ, हे गणित मला फार आवडतं. मी मिस्त्रीला म्हटलं, हजार चित्रांसाठी सेकंदाला सव्वाशे फेरे मारायला लागतील. तो विचारात पडला. “मोटर लावू की,” म्हणाला. तिथून मी लगबगीनं निघालो.

उजेडाचं दुखणं वेगळंच. एका चित्राला सेकंदाचा हजारावा भागसुद्धा मिळत नाही, त्यामुळे भर दुपारी, चार ट्यूब चालू असताना, कॅमेऱ्याला आमचा कारखाना अमावास्येसारखा दिसतो. आणखी ट्यूब लावल्या तर पडद्यावरची बाटली धापा टाकू लागली. उजळ, अंधारी, उजळ, अंधारी. घरातली वीज पन्नास हर्ट्झची, तिच्यावरचा दिवा सेकंदाला शंभरदा मंदावतो. आपल्या डोळ्याला ते उमगत नाही. पण कॅमेऱ्याच्या दर दहा चित्रांत एक उसासा. मालक म्हणाले हॅलोजन लावा. त्याची तार तापलेलीच राहते, म्हणून धाप बरीच कमी झाली, पण झाकणं मऊ पडायला लागली आणि आमच्या रोगाला नवा रोग जडला. शेवटी ट्रॅक्टरचे एलईडी फोकस आणले आणि गाडीच्या बारा व्होल्ट बॅटरीवर लावले. बॅटरीच्या विजेला उसासे नसतात. ती बॅटरी माझ्याच गाडीची होती हे मला संध्याकाळी घरी जाताना आठवलं.

आणखी एक विधी राहिला. शूटिंगच्या आधी लेन्सवर झाकण घालून कॅमेऱ्याला ‘काळं म्हणजे काय’ हे एकदा दाखवावं लागतं, नाहीतर चित्रावर उभ्या रेघा येतात. मी झाकण घालून गंभीरपणे थांबलो असताना मालक आले. “झाकण काढा की आधी! एवढं पण कळत नाही?” त्यांना समजावण्यात जो वेळ गेला तो सेकंदाला हजारनं मोजला तर आकडा फार मोठा होईल. मूळ झाकण पुढं हरवलं. आता तिथंही निळंच आहे.

यंत्राचा रोग मात्र एका सकाळीच सापडला. झाकण बाटलीच्या तोंडावर टेकताना एकदा उसळत होतं आणि दाबणारा हात खाली यायच्या आत कधीमधी सुटत होतं. पन्हळीचा उतार जरा कमी केला, संपलं. मालकांनी कॅमेऱ्याकडं असं बघितलं, जसं लग्न झाल्यावर मांडवाकडं बघतात. “तुमच्याकडंच राहू दे,” म्हणाले.

ही बातमी आमच्या पेठेतल्या तालमीत पोचली. वस्तादांचा एक पोरगा बाहेरची टांग मारायला जायचा आणि स्वतःच पाठीवर यायचा. वस्ताद म्हणायचे, “तुझा पाय उशिरा येतोय.” पोरगा म्हणायचा, “नाही वस्ताद, वेळेवर येतोय.” आता याचा निवाडा कॅमेऱ्यानं करायचा होता.

हातानं खटका दाबणं जमणार नाही हे मला कळून चुकलं होतं. डिप्लोमा करणाऱ्या भाच्यानं आवाजावर चालणारा खटका बनवून दिला. घरी चाचणी घेतली तर कुकरच्या शिट्टीला कॅमेरा सुटला. “अहो, मी कुकर लावतो, तुमचं ते बंद करा,” बायको म्हणाली. (आमच्याकडं बायकाही ‘लावतो’च म्हणतात.) तालमीत पोरानं आत उतरून शड्डू ठोकला, आणि खटका तिथंच उडाला. हाती लागली ती चार सेकंदांची मांडी. तळहात पडल्यावर तिच्यावरून गेलेली लाट थेट रंकाळ्यातली. वस्तादांनी ती दोनदा बघितली, पण टांग त्यात नव्हती.

मग मिस्त्रीला घोड्याची गोष्ट आठवली. मीच त्याला सांगितली होती. 1878 साली अमेरिकेत मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरनं घोडा धावताना चारही पाय हवेत असतात का ते बघायला बारा कॅमेरे ओळीनं मांडले आणि वाटेत दोरे आडवे ताणले. घोड्याच्या पायानं दोरा तुटायचा आणि कॅमेरा चालायचा. “घोडं आपला खटका आपण दाबतंय, मग पैलवानाला काय झालं?” मिस्त्रीनं वस्तादांना सुचवलं, की हौद्यात मातीखाली एक स्विच पुरू. वस्ताद काही क्षण नुसते बघत राहिले. त्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती मळलेली असते. तिच्यात चप्पल घालून कोणी उतरत नाही, उतरताना कपाळाला लावतात. “वायर घालणार? मातीत?” मिस्त्री पुढची पंधरा मिनिटं तालमीबाहेर उभा होता.

शेवटी उद्यमनगरातल्या प्रेसवर असतो तसला पायानं दाबायचा स्विच आणला. कॅमेऱ्याच्या मागच्या भोकातल्या दोन तारा एकमेकींना टेकल्या की काम झालं, त्याला याहून अक्कल लागत नाही. लांबलचक वायर सोडून मी हौद्याच्या पलीकडं भिंतीशी उभा राहिलो. सेटिंग केलं: खटक्याच्या आधीचे तीन सेकंद, नंतरचा एक. ट्रॅक्टरचे फोकस लागले. पोरांनी डोळे मिचकावले, मग सवय झाली. मिस्त्री कॅमेऱ्याशी, निळ्या झाकणावर हात ठेवून. कोल्हापुरात म्हणतात ना, खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. माझ्या पायाचा अंगठा स्विचवर तयार.

पकड झाली, पोरगा फिरला, आणि धप्प. पोरगाच खाली. मी दाबलं.

साठवायला काही मिनिटं लागली, तोवर कुणी बॅटरीजवळ फिरकलं नाही. मग सगळे पडद्याभोवती जमले, मातीनं लाल झालेल्या दहा-बारा माना. मी पितळी नॉब हळूहळू फिरवू लागलो. खांदा फिरला. कंबर वळली. पाय जागेवरच. आणखी टिचक्या. पाय अजून जागेवरच. मग कुठं तो उचलला, तोवर समोरच्यानं भार मागं टाकला होता. पोरानं मान खाली घातली. वस्ताद काही बोलले नाहीत, त्यांना हे उघड्या डोळ्यांनी दिसतच होतं. पाठ मातीला टेकली, माती फुलासारखी वर आली आणि तशीच तरंगत राहिली. मी नॉब फिरवत होतो. माती खाली बसायला लागली. पन्नास टिचक्या, शंभर, दोनशे.

वस्तादांनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं भिंतीशी एक चष्मेवाला उभा होता, तोंड अर्धवट उघडं, अंगठा स्विचच्या वर हवेत.

“आणि ह्यो कोण रं? ह्याचा तर अजून यायचाच हाय.”