विंडोज टाकल्याने लिनक्स पुसलं जात नाही

घणसोलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय: 'लिनक्सच्या कॉम्प्युटरवर नंतर विंडोज टाकलं की लिनक्स आणि सगळा डेटा कायमचा जातो.' हे चूक आहे. (लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी दुसरी सिस्टिम.)

विंडोज इन्स्टॉल होताना स्वतःचा बूट मॅनेजर (सुरू होताना कोणती सिस्टिम चालवायची ते पाहणारा प्रोग्राम) यादीत पहिला लावतं. त्यामुळे कॉम्प्युटर सुरू झाल्यावर लिनक्सचा मेनू, म्हणजे ग्रब, दिसेनासा होतो आणि माणूस घाबरतो. लिनक्सचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा वेगळा भाग, मात्र जागच्या जागी असतं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन बूट ऑर्डरमध्ये उबंटू किंवा लिनक्सचा जो प्रकार असेल तो वर घ्या, बहुतेकदा एवढ्यानेच भागतं. नाहीच दिसलं, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालू होतं) ग्रब पुन्हा बसवता येतो.

डेटा जातो तो आपल्याच हाताने. इन्स्टॉलर पार्टिशनची यादी दाखवतो तेव्हा 'डिलीट' दाबत सुटलात, तर कोण काय करणार? रिकामी जागा आधीच लिनक्समधून काढून ठेवा आणि तीच निवडा. विंडोजला लिनक्सचं एक्स्ट४ (डिस्कवर फाइली साठवायची पद्धत) वाचता येत नाही, म्हणून नंतर कधी 'ही डिस्क फॉरमॅट करायची का?' असं विचारलं तर कॅन्सल. शेजारच्या विंगमधल्या एका काकांनी नेमकं इथेच 'हो' म्हटलं होतं! बॅकअप अर्थातच आधी.

आणि घड्याळ साडेपाच तासांनी चुकलं तर तो व्हायरस नव्हे. लिनक्स मदरबोर्डवरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, भारताच्या साडेपाच तास मागे) धरतं, विंडोज स्थानिक.