गमतीच्या बँडमागची पाच वर्षं

परवा एक मित्र सहज म्हणाला, "विनोदी गाणी काय, कुणीही करेल. चार मित्र जमले, गिटार काढली की झालं." तेव्हा मी काही बोललो नाही, पण ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना. म्हणून लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, सवडीने वाचा.

मामोनास असासिनास हे नाव आपल्याकडे फार कुणाच्या कानावर पडलेलं नसतं. हा ब्राझीलचा विनोदी गाण्यांचा बँड, साओ पाउलोला लागून असलेल्या ग्वारूल्योस शहरातल्या पाच मित्रांचा. पोर्तुगीजमध्ये मामोना म्हणजे एरंड, म्हणजे बँडचं नाव साधारण 'खुनी एरंड'! 1995 च्या जूनमध्ये त्यांचा अल्बम आला आणि बघता बघता देशभर लाखो प्रती खपल्या. चित्रविचित्र पोशाख, स्टेजवर धुडगूस, आणि शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तीच गाणी.

पण माझा जीव अडकलाय तो त्याच्या आधीच्या पाच वर्षांत.

तेव्हा बँडचं नाव होतं उतोपिया, आणि त्यात विनोदाचा मागमूस नव्हता. सर्जिओ ड्रम्स वाजवायचा. त्याच्या कामावरच्या एका सहकाऱ्याचा भाऊ गिटार वाजवतो असं कळलं, तो बेंतो. सर्जिओचा भाऊ सॅम्युएल याला तर संगीतात रसच नव्हता, तो विमानांची चित्रं काढत बसायचा. घरात या दोघांच्या तालमी ऐकून ऐकून त्याला गोडी लागली आणि त्याने बेस गिटार हातात घेतली. तिघं मिळून कॅनडाचा रॉक बँड रश आणि ब्राझीलमधल्या नावाजलेल्या रॉक बँडची गाणी वाजवायचे, मन लावून आणि अगदी गंभीरपणे.

1990 मध्ये ग्वारूल्योसमध्येच त्यांचा एक कार्यक्रम होता. लोकांनी गन्स एन रोझेस या अमेरिकन रॉक बँडच्या एका गाण्याची फर्माईश केली. सूर तिघांनाही येत होते, शब्द एकालाही नाही. मग त्यांनी गर्दीलाच विचारलं, कुणाला येतं का? एक पोरगा उडी मारून स्टेजवर आला, तो दिन्यो. शब्द त्यालाही येत नव्हते! त्याने तोंडाला येईल ते, इंग्रजीसारखं वाटेल असं काहीतरी ठोकून दिलं, आणि लोक हसून लोटपोट झाले. त्या दिवसापासून तो बँडचा गायक. पुढे त्याच्या ओळखीने कीबोर्डवाला जुलिओही आला. त्याचं मधलं नाव सेझार. त्या नावाची रोमन अक्षरं उलटी लिहून त्याने स्वतःसाठी नवं आडनावच बनवलं.

ही गोष्ट सांगताना लोक दिन्योबद्दल बोलतात, आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण मी त्या मागच्या तिघांचा विचार करतो. अनोळखी पोरगा माइकवर काहीही बरळतोय, आणि हे तिघं न थांबता, न अडखळता मूळ गाणं वाजवतायत. ते थांबले असते तर तो नुसता गोंधळ झाला असता. मागे गाणं चोख चालू होतं म्हणून पुढची गंमत उठून दिसली.

यातून लगेच काही बदललं असंही नाही. 1992 मध्ये उतोपियाने आपली रेकॉर्ड काढली, तीही गंभीरच. हजार प्रती छापल्या, शंभरही खपल्या नाहीत. कार्यक्रमात मात्र दोन गाण्यांच्या मध्ये ही मंडळी जी मस्करी करायची, जी विडंबनं म्हणायची, तीच लोक घरी घेऊन जायचे. आपापसात हसण्यासाठी केलेली तसली गाणी निर्माता रिक बोनाडियोने ऐकली आणि त्यांना हाच रस्ता धरायला लावला.

म्हणजे फुकट गेलेली वाटतात ती पाच वर्षं फुकट गेलीच नव्हती. त्यांचा अल्बम ऐका. हेवी मेटल आहे, ईशान्य ब्राझीलचं नाचाचं संगीत फोर्रो आहे, सांबातून आलेलं पागोजी आहे, पोर्तुगालचं लोकसंगीत आहे. ऐकणाऱ्याला पहिल्या चार मात्रांत कळलं पाहिजे की हा अमुक प्रकार आहे, तरच पुढची टवाळी कळते. कच्चं वाजवून हे होत नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाही. आम्हीही चौघं मित्र असली गाणी करतो, मी बेस वाजवतो. पहिल्या कार्यक्रमात आमच्या सगळ्यात चांगल्या ओळीवर कुणीच हसलं नाही. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कारण कळलं. ओळीच्या शेवटच्या शब्दावरच ड्रमरने क्रॅश (ड्रम्सची मोठी झांज) हाणला होता, आणि ज्या शब्दावर हशा यायचा तोच झांजेखाली गाडला गेला होता. नंतर तीन आठवडे आम्ही ती एकच जागा घोटली. शब्द पडायच्या आधी गिटार दाबायची, शब्दानंतर एक मात्रा पूर्ण रिकामी सोडायची, आणि मग सगळ्यांनी एकदम पडायचं. पुढच्या वेळी त्या रिकाम्या मात्रेत हशा आला. ती जागा आजही आली की माझ्या अंगावर काटा येतो.

न्यूयॉर्कच्या दे माइट बी जायंट्स या गमतीदार गाण्यांच्या बँडचंही मला फार अप्रूप आहे. शाळेपासूनचे दोन मित्र, दोघांचंही नाव जॉन. सुरुवातीला ड्रमर नव्हता, त्याऐवजी ड्रम मशीन, आणि सोबत अ‍ॅकॉर्डियन. ऐंशीच्या दशकात एकाचं मनगट मोडलं, दुसऱ्याच्या घरी चोरी झाली आणि कार्यक्रम बंद पडले. तेव्हा त्यांनी घरच्या फोनच्या आन्सरिंग मशीनवर गाणी टाकायला सुरुवात केली. नंबर फिरवा, गाणं ऐका. एका वेळी एकच श्रोता! आणि त्या एका श्रोत्यासाठी ते नवी नवी गाणी करत राहिले.

उतोपियाला एकेकाळी आपल्याच शहरातल्या ज्या स्टेडियममध्ये वाजवायला नकार मिळाला होता, तिथे 1996 च्या जानेवारीत ते मामोनास म्हणून वाजवून आले. 2 मार्चच्या रात्री ब्राझिलियाचा कार्यक्रम करून परतताना त्यांचं छोटं जेट साओ पाउलोजवळच्या डोंगरावर आदळलं. पाचही जण गेले. अल्बम आल्यापासून आठ महिने झाले होते. लोकांना ते आठ महिने माहीत आहेत. त्यांचं एकत्र वाजवणं मात्र मुख्यतः उतोपियाच्या काळातलं, बघायला फारसं कुणी नसतानाचं.

त्या मित्राला काल रात्री त्यांच्या एका कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला. सोबत लिहिलं, शब्द कळणार नाहीत, दिन्योकडे पाहून हसू येईलच, पण एकदा फक्त बेंतोच्या हातांकडे बघ.