तेल आटले की तीन दिवसांत माणूस पशू होतो?

तेलपुरवठा अचानक तुटतो आणि आठवडाभरात सुसंस्कृत समाज मोडून पडतो, अशा कथानकाच्या थरारक कादंबरीवर वाचक जे लिहितात, त्यात एक प्रतिक्रिया इतक्या वेळा येते की ती मलपृष्ठावरच छापून टाकावी. ती थोडक्यात अशी : ही कल्पित कथा नसून उद्याचे वास्तव आहे; तेल एका रात्रीत बंद पडू शकते, दुकानांत तीन दिवसांपुरतेच अन्न असते, चौथ्या दिवशी शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठतो, सरकार हात चोळत बसते आणि घरात साठा करून ठेवणारा तेवढा तगतो. अशी कादंबरी मीही रात्री दोनपर्यंत जागून वाचली आहे आणि सकाळी गाडीतल्या इंधनाच्या काट्याकडे उगाचच दोनदा पाहिले आहे. तरीही पुस्तक आवडणे वेगळे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष पटणे वेगळे. म्हणून हा निष्कर्ष एकेका मुद्द्याने तपासून पाहतो.

पुरवठा एका रात्रीत बंद पडतो, हा या दाव्याचा पाया आहे. १४ सप्टेंबर २०१९ रोजी सौदी अरेबियातील अबकैकचे तेलप्रक्रिया केंद्र आणि खुरैसचे तेलक्षेत्र यांच्यावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा हल्ला झाला, आणि दिवसाला सुमारे ५७ लाख पिंपांचे उत्पादन, म्हणजे जगाच्या पुरवठ्याचा जवळपास विसावा हिस्सा, तडकाफडकी थांबला. थरारकथेला याहून चांगले पहिले प्रकरण मिळणे कठीण. दुसरे प्रकरण मात्र अगदीच मिळमिळीत निघाले : सोमवारी बाजार उघडताच भाव भडकले, साठवलेले तेल ग्राहकांकडे जात राहिले आणि काही आठवड्यांत उत्पादन पूर्वपदावर आले. यामागे नशिबापेक्षा तजवीज अधिक होती. १९७३च्या अरब तेलबंदीने हात पोळल्यावर १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली, आणि तिच्या तेल आयात करणाऱ्या सदस्य देशांवर किमान ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा बाळगण्याचे बंधन आले. अमेरिकेने तर टेक्सास आणि लुइझियानातील जमिनीखालच्या मिठाच्या पोकळ्या कच्च्या तेलाने भरून ठेवल्या. कादंबरीकार हे साठे बहुधा विसरतो, आणि त्याने ते विसरायलाच हवेत, कारण ते आठवले तर कथेतले घड्याळ चालत नाही. इराणलगतच्या, आखाती तेल बाहेर नेणाऱ्या होर्मुझच्या सामुद्रधुनीचा प्रश्न अर्थातच अबकैकपेक्षा फार मोठा आहे. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलापैकी सुमारे पाचवा हिस्सा त्या चिंचोळ्या वाटेने जात आला आहे आणि ती दीर्घकाळ बंद राहिली तर घाव खोल बसेल, हे मी नाकारत नाही. परंतु पाचवा हिस्सा कमी होणे आणि सगळेच शून्यावर येणे यांत जे अंतर आहे, नेमके तेच ही प्रतिक्रिया गिळून टाकते.

तीन दिवसांच्या अन्नाचा मुद्दा नवा नाही. माणूस आणि अराजक यांच्यामध्ये फक्त नऊ जेवणांचे अंतर असते, अशा अर्थाचे वाक्य आल्फ्रेड हेन्री लुईस या अमेरिकी पत्रकाराने १९०६ मध्ये लिहिले होते, म्हणजे अन्न ट्रकवर लादून गावोगाव नेण्याची पद्धत रुळण्याच्याही आधी. वाक्य चटकदार असल्यामुळे ते टिकले. ते खरे ठरल्यामुळे टिकले असे म्हणवत नाही. त्यातला खरा अंश ब्रिटनमध्ये सप्टेंबर २००० मध्ये दिसला. इंधनावरील कराविरुद्ध शेतकरी आणि मालवाहतूकदारांनी तेलशुद्धीकरण कारखाने आणि इंधन डेपो यांच्या फाटकांवर ठाण मांडले, आणि आठवड्याभराच्या आतच देशातले हजारो पंप कोरडे पडले. गरज भागेल तेवढाच माल वेळेवर मागवायचा आणि गोदाम रिकामे ठेवायचे, या पद्धतीचा नाजूकपणा तेव्हा उघडा पडला, आणि कादंबरीचा वाचक त्याने अस्वस्थ होत असेल तर ती अस्वस्थता योग्यच आहे. मात्र त्या चौथ्या-पाचव्या दिवशी दुकानांत काय घडले? काही दुकानदारांनी पाव आणि दूध माणशी मोजून द्यायला सुरुवात केली, सरकारने ठरावीक पंप रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवले, आणि आंदोलकांनी स्वतःच १४ सप्टेंबरला माघार घेतली. सुरे कोणी उपसले नाहीत.

आता सर्वांत लाडका मुद्दा : टंचाई आली की माणसाचा मुखवटा गळतो. या समजुतीला न्यूयॉर्कने आयती परीक्षा घेऊन उत्तर दिले आहे. १३ जुलै १९७७च्या रात्री त्या शहराची वीज गेली तेव्हा शेकडो दुकाने फोडली गेली, आगी लावल्या गेल्या आणि तीन हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. १४ ऑगस्ट २००३ रोजी पुन्हा तसाच अंधार पडला, या वेळी अमेरिका आणि कॅनडातील सुमारे पाच कोटी लोकांवर, आणि त्याच न्यूयॉर्कमध्ये लोक पुलांवरून चालत घरी गेले. काही चौकांत तर साध्या नागरिकांनी उभे राहून वाहतूक सांभाळली. शहर तेच आणि अंधारही तोच असेल, तर फरकाचे कारण अंधारात सापडणार नाही. १९७७चे न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरचे, बेकारीने पोखरलेले शहर होते, आणि शोधायचेच तर कारण तिथे शोधावे लागते. तेलाच्या बाबतीत असा उद्रेक झालाच नाही असे म्हणणे मात्र अप्रामाणिक होईल. जून १९७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लेव्हिटाउन येथे पेट्रोलच्या टंचाईवरून दंगल झाली आणि गाड्या पेटवल्या गेल्या. पण त्या उन्हाळ्यात अमेरिकेत असंख्य पंपांवर रांगा लागल्या होत्या, आणि दंगलीसाठी नाव मात्र पुन्हा पुन्हा लेव्हिटाउनचेच घ्यावे लागते. इथे २००५च्या कॅटरिना वादळाचीही आठवण ठेवावी. न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम क्रीडागारात आसरा घेतलेल्या लोकांमध्ये खून आणि बलात्कार यांचे थैमान सुरू असल्याच्या बातम्या जगभर पसरल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक नंतर निराधार ठरल्या. लोक पशू होतात ही गोष्ट आपण इतक्या वेळा वाचलेली असते की ती घडण्यापूर्वीच आपल्याला दिसू लागते.

सरकार हात चोळत बसते, हा मुद्दा मला अर्धा मान्य आहे, पण वाचक सांगतात त्या अर्थाने नव्हे. २०२२ मध्ये श्रीलंकेकडे तेल विकत घेण्यासाठी परकीय चलनच उरले नाही, आणि हे संकट राज्यकर्त्यांच्या निर्णयांनी ओढवलेले होते. पंपांबाहेर दोन-दोन दिवसांच्या रांगा लागल्या, लोक गाडीतच झोपले, भर उन्हात ताटकळलेल्या काही वृद्धांचा रांगेतच मृत्यू झाला. त्या वर्षी हिंसाही झाली आणि राजकारण्यांची घरेही जळाली. परंतु तो राग कोणावर आहे हे रागावलेल्यांना नीट ठाऊक होते, आणि ९ जुलैला राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरलेले लोक तिथल्या तरणतलावात पोहताना साऱ्या जगाने पाहिले. त्याच महिन्यात क्यूआर कोडवर चालणारी इंधनवाटपाची योजना आली : आठवड्याला मोटारीला २० लिटर, तीनचाकीला ५, मोटारसायकलला ४. तेल मुबलक झाले नव्हते, तरी योजना बसल्यावर रांगा आखडल्या, कारण आपला वाटा आपल्याला मिळणारच असेल तर पहाटे तीनला जाऊन उभे राहण्याचे कारण उरत नाही. एवढा साधा उपाय सुचायला इतके महिने का लागले, हा प्रश्न कादंबरीतल्या कोणत्याही दंगलीपेक्षा मला अधिक झोंबतो.

साठा करणाराच तगतो, हा सल्ला निरुपद्रवी वाटतो, पण गणित करून पाहावे. मोटारीची टाकी ४० लिटरची आणि एरवी सरासरी अर्धी भरलेली धरली, तर दहा लाख मोटारवाल्यांनी घाबरून एकाच सकाळी टाकी काठोकाठ भरायची ठरवली की त्यांना दोन कोटी लिटर जादा लागते. शहरातले एकूण इंधन तेवढेच राहते, पण ते पंपाच्या हौदातून उभ्या गाड्यांच्या पोटात जाते आणि पंपावर पाटी लागते. मे २०२१ मध्ये सायबर हल्ल्यामुळे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन नेणारी कलोनियल पाइपलाइन काही दिवस बंद राहिली, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत पेट्रोल भरू नका, असे तिथल्या ग्राहकसुरक्षा आयोगाला जाहीरपणे सांगावे लागले. जपानमध्ये १९७३च्या तेलसंकटात बायकापुरुषांनी दुकानांपुढे झुंबड उडवली ती शौचालयाच्या कागदासाठी, आणि तो कागद कारखान्यांत नेहमीसारखा तयार होत होता.

जगातले तेल संपतच आले आहे, म्हणून आज ना उद्या हे होणारच, या पुस्तीबद्दल फार लिहीत नाही. किंग हबर्ट या भूशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये वर्तवल्याप्रमाणे अमेरिकेच्या तेल उत्पादनाने १९७०च्या सुमारास शिखर गाठले खरे. पण शेल खडकांतल्या तेलामुळे २०१८ मध्ये ते शिखरही मागे पडले.

राहता राहिला आठवड्याभराचा हिशेब. तेल खरोखर आटले तेव्हा काय होते हे क्यूबाने पाहिले आहे. सोव्हिएत संघाकडून मिळणारे स्वस्त तेल १९९० नंतर आटत गेले. ट्रॅक्टर उभे राहिले आणि नांगराला पुन्हा बैल जुंपले गेले. चीनहून दहा लाखांहून अधिक सायकली आल्या. ट्रकच्या तोंडामागे दोन उंचवट्यांचा लांबलचक डबा जोडून त्यात अडीच-तीनशे माणसे कोंबली जात, आणि त्या वाहनाला राजधानी हवानाचे लोक उंट म्हणत. माणसांचे वजन सरासरी सुमारे पाच किलो उतरले, आणि निकृष्ट आहारामुळे पसरलेल्या मज्जातंतूंच्या विकाराने पन्नास हजारांवर लोकांना गाठले, अनेकांची दृष्टी अधू झाली. म्हणजे समाज मोडला नाही म्हणून हाल कमी झाले असे मुळीच नाही. हवानाच्या समुद्रकिनारी रस्त्यावर लोकांचा मोठा उद्रेक झाला तो ५ ऑगस्ट १९९४ रोजी, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत सुमारे ३५ हजार लोक लाकडी फळ्या आणि टायरच्या ट्यूब बांधून केलेल्या तराफ्यांवर समुद्रात उतरले. तोवर पहिल्या टंचाईला चार वर्षे होत आली होती.